पुंटी, शोल आणि तिलापिया

फाळणीला सहा-सात वर्षं झाली असतील. मी कलकत्त्यात प्राणिशास्त्र घेऊन एम.एस्सी. करत होते. वडील खिदिरपूरला कस्टममध्ये होते आणि आमचं बिऱ्हाड बालीगंजला. आमच्या घरात मासा शिजत नसे, आणि प्रबंधासाठी माझ्या वाट्याला मासेच आले. परदेशातून नुकताच आणलेला तिलापिया आणि इथली चिमुकली पुंटी, दोघं शिकारी माशापासून कशी वाचतात ते पाहायचं होतं. त्यासाठी कॉलेजच्या गच्चीवर सिमेंटच्या दोन टाक्या होत्या, एकीत पुंट्या, एकीत तिलापिया, आणि दोन्हींत एकेक शोल सोडलेला. शोल म्हणजे सापासारख्या डोक्याचा, हातभर लांब खादाड मासा.

मासे आणून द्यायचे ते पूर्व बंगालातल्या बोरिशालहून आलेले एक कोळी. रेल्वे रुळांपलीकडे तळ्याकाठी निर्वासितांच्या झोपड्या होत्या, तिथे ते बायकोबरोबर राहत. चाळिशीचे, किडकिडीत, कमी बोलणारे. मी त्यांना दादा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला बौदी, म्हणजे वहिनी; ते मला दिदिमणी.

पहिल्याच आठवड्यात माझ्या साऱ्या पुंट्या शोलनं फस्त केल्या. दादांनी टाकीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, टाकी इतकी घासूनपुसून ठेवलीत तर त्या बिचाऱ्या लपणार कुठे? दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपलीभर पाणगवत आणलं. आता शोल अगदी जवळून गेला तरी पुंट्या गवताला लागून निश्चल राहत. मग दादांनी एका मेलेल्या पुंटीची कातडी नखानं खरवडून पाण्यात बुचकळली. त्या वासानं क्षणात साऱ्या तळाशी गेल्या, आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. दुसऱ्या टाकीतही तेच केलं, पण तिलापियांना त्यातलं काही कळलं नाही. ते उघड्यावर हिंडत राहिले आणि शोलनं त्यातले दोन नेले.

पण तिलापियाची मादी पिलं तोंडात सांभाळते. सावली पडली की ती डोकं खाली करून तोंड उघडी आणि पिलांचा अख्खा पुंजका आत शिरे. दादा हे तासन् तास पाहत बसायचे. त्यांची स्वतःची मुलं तिकडेच कॉलऱ्यानं गेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या हिवाळ्यात तळ्याच्या मालकानं सगळं गवत उपसून काढलं आणि तिलापिया सोडला. पुढचा पावसाळा सरला तेव्हा दादांच्या जाळ्यात पुंटी येईनाशी झाली. तिलापियाची पैदास इतकी वाढली, की एकेक बोटाएवढाच राही, आणि बाजारात त्याला कुणी हात लावत नसे.

एके दुपारी दादा गच्चीवर आले. हातात टोपली नव्हती.

"दिदिमणी, लपायला गवत नाही म्हणून पुंटी संपली. तुमच्या टाकीत झालं तेच तळ्यात झालं ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? खाली मान घालून त्यांनी विचारलं, वडिलांच्या ओळखीनं कुठे काम मिळेल का. वडिलांनी एका व्यापाऱ्याकडे शब्द टाकला, आणि गोदीजवळच्या गोदामात ते पोती वाहू लागले.

चार महिन्यांनी वडील भरदुपारी घरी आले. बूट न काढताच खुर्चीत बसले. गोदामात पोत्यांची थप्पी कोसळली होती. दादा त्याखाली सापडून गेले होते.

आम्ही दोघं झोपडीवर गेलो. बायको दारात बसली होती, रडत नव्हती. वडिलांना बसायला तिनं पाट दिला.

"त्यांना तिकडे जा म्हणून मीच पाठवलं," ती म्हणाली.

"नाही बौदी, शब्द आम्ही टाकला," मी म्हटलं.

"शब्द तुम्ही टाकलात. घरात तांदूळ नाही म्हणून रोज टोचत होते ती मी. त्यांना पाण्यापासून लांब जायचं नव्हतं."

महिन्याभरात ती कुणा नातेवाइकाबरोबर नदिया जिल्ह्याकडे गेली म्हणतात. मी चौकशी केली, पण उशिरा.

प्रबंधाच्या आभारात मी दादांचं नाव घातलं होतं. पाणगवताचं त्यांनी सुचवलं, खरवडलेल्या कातडीचं त्यांनी दाखवलं, असं दोन ओळींत लिहिलं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्यावर लाल पेन्सिलीची रेघ ओढली. मासे पुरवणाऱ्याचे आभार मानायची पद्धत नाही, असं ते शांतपणे म्हणाले. टंकलेखनाला अजून आठवडा होता. मी हट्ट धरला असता तर सर कदाचित ऐकलेही असते. मी त्या ओळी गाळून पान पुन्हा लिहिलं. पहिला वर्ग मिळाला, आणि त्याच प्रबंधावर मला नोकरी लागली.