राजाच्या पेल्यातला फेस

कितव्यांदा तरी पटकथा लिहून झाली, तेव्हा माझी कंबर आणि माझी राणी, दोघींचीही वाट लागली होती. ऐतिहासिक कादंबरी माझीच, तिचा सिनेमा करायला होकारही माझाच. मग बोंबलायचं कुणाच्या नावानं?

निर्माते उचगावचे, पाइपांचे व्यापारी. माणूस दिलदार, पण कात्री चालवायला लागला की थांबत नसे. कादंबरीतली लढाई गेली, मी गप्प बसले. राणीचं माहेर गेलं, राजाच्या आईचं दुखणं गेलं, मध्येच आरसेमहालात एक नाच आला. मी मान डोलावत राहिले. फक्त एका प्रसंगावर अडून बसले. दरबारात सदा माणसांचा राबता, राजा-राणीला दोन शब्द बोलायची सोय नाही. म्हणून राजा पहाटे तिला म्हशींच्या गोठ्यात नेतो, समोर धार काढवतो आणि पेला आधी तिच्यापुढं धरतो. वरचा फेस ती पिते, खालचं दूध तो. बोलत कुणीच नाही.

"बाई, राजा हाय त्यो, गवळी न्हाय," निर्माते म्हणाले. "लोकं हसतील की!"

हसू देत. तो राजा मी इतिहासातून आणलाच नव्हता. लग्न झालं तेव्हा भरल्या घरात आम्हालाही बोलायची चोरी. आमचे हे भाजीचं निमित्त काढून मला दूध कट्ट्यावर न्यायचे. तिथं समोर म्हैस पिळून ग्लास हातात मिळतो, फेसासकट. मला फेस आवडतो हे ह्यांना कसं कळलं, देव जाणे. स्वतःचा ग्लासही आधी माझ्यापुढं धरायचे. अजूनही धरतात. प्रेमाचं म्हणाल तर तेवढंच, शब्दानं कधी काही नाही. माझी कादंबरी ह्यांनी उघडूनसुद्धा पाहिली नाही. "राजवाड्यातलं आपल्याला काय कळतंय," म्हणायचे. पडद्यावर तरी स्वतःला ओळखतील, एवढीच माझी हाव होती.

शेवटी तडजोड झाली. प्रसंग ठेवायचा, पण राजानं बोलायचं. मी इतकी दमले होते की दिलं लिहून भाषण. चंद्र, सिंहासन, जन्मोजन्मी, सगळं. शूटिंगला भाषण संपेपर्यंत फेस विरून जायचा, म्हणून कुणीतरी साबणाचा फेस करून पेल्यावर ठेवला. नटी बिचारी नुसते ओठ टेकवत होती. दिसत मात्र छान होतं.

पहिला खेळ आमच्या माणसांसाठी ठेवला होता. हे इस्त्रीचा शर्ट घालून आले, आरसेमहालातल्या नाचात एक डुलकीही काढली. गोठा आला तसे सावरून बसले. मी पडदा सोडून ह्यांच्याकडंच बघायला लागले. राजा बोलत राहिला, बोलत राहिला, आणि हे भर थेटरात मोठ्यानं म्हणाले, "एवढं बोलेपतूर फेस ऱ्हातोय व्हय? साबणाचा हाय की त्यो!"

सगळं थेटर हसलं. निर्मातेही हसले. मी पदर तोंडाला लावून बसले. राग आला, रडूही आलं. एवढा जीव काढला, तो ह्याच्यासाठी?

बाहेर पडल्यावर म्हणाले, "चल, कट्ट्यावर जाऊ." रिक्षात मी तोंड फिरवून बसले. ग्लास हातात आले तेव्हा मात्र राहवलं नाही. विचारलंच, "अहो, तो राजा कुणासारखा वाटला तुम्हाला?"

"कुठला राजा?" ह्यांनी आपला ग्लास माझ्यापुढं धरला. "घे आधी. बोलत बसू नगंस, फेस जाईल."