सियागंजच्या काट्यावरची सूटकेस

परवा आमचा ग्रुप जपानला निघतोय. माळ्यावरून आईची जुनी सूटकेस काढली, उघडली, आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याचा वास थेट नाकात शिरला.

आईची पहिली परदेश टूर, युरोपची. बॅगचं वजन करायला आम्ही दोघी सियागंजच्या बाजारात ओळखीच्या किराणावाल्याकडे गेलो होतो. त्याने साखरेचं पोतं उतरवून सूटकेस काट्यावर चढवली.

"भाभीजी, दो किलो ज्यादा है!"

आईने तिथेच, सगळ्या हमालांदेखत बॅग उघडली. मला वाटलं, आत कोंबलेले सेव-फरसाणाचे पुडे आता निघणार. तिने नवाकोरा लोकरी कोट काढून माझ्या हातात दिला.

"आई, तिकडे बर्फ आहे!" मी वैतागले.

"कोट कुणीपण देईल गं. सेव कोण देणार?" तिचे डोळे नुसते चमकत होते.

तेव्हा मला हमालांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सूटकेसच्या कप्प्यात तिचा बर्फातला फोटो अजून आहे. आईच्या अंगावर गुडघ्यापर्यंत आलेला कुणाचातरी लाल कोट. शेजारी नुसत्या स्वेटरवर एक गोरी बाई, मूठभर सेव घेऊन हसतेय.