त्या ओळीतला स्वल्पविराम

मी शेलूबाजारजवळच्या एका हायस्कुलात पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवतो. बायको आमच्या गावातली अंगणवाडी सांभाळते. इंग्रजी अक्षरं जुळवून ती पाट्या वाचते, पण वाक्याचा अर्थ तिला लागत नाही. म्हणून मागच्या उन्हाळ्यात ती एका इंग्रजी गाण्याच्या नादी लागली, तेव्हा मला आधी गंमत वाटली.

गाणं आणलं मुलीनं. ती पुण्यात नोकरीला आहे. मे महिन्यात चार दिवस आली, तेव्हा जाळी-जळमटं काढताना तिनं ते फोनवर लावलं होतं. "सिंथ-पॉप म्हणतात याला, बाबा. जरा अंधारं असतं," ती म्हणाली. मुलगी गेली आणि गाणं आईच्या फोनवर राहिलं. भाकरी थापताना तेच, सोयाबीनचं बियाणं निवडताना तेच. खाली यंत्राचा न थकणारा ठोका, वर सिंथेसायझरचा ओला, लांबट सूर, आणि एक बाई. ती गात होती की बोलत होती, हे मला नीट सांगता येत नाही.

एका सकाळी बायको म्हणाली, "मी रोज ऐकून राह्यली, पण थे बाई म्हनते काय? तुमी तं इंग्रजीचे मास्तर. सांगा ना मले."

मी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. बाई म्हणत होती, दार बाहेरून लाव आणि जा. मी ठोठावणार नाही. माझ्यात जे मऊ उरलंय, ते अंधारानं खाऊन टाकावं. आणि मग पुन्हा पुन्हा तीनच शब्द: कीप मी स्टिल. मला गप ठेव, हलू देऊ नकोस.

बायको पीठ लागलेल्या हातांनी उभी होती, उत्तराची वाट पाहत.

"काही नाही," मी म्हणालो. "नवरा परगावी गेला. त्याची वाट पाहून राह्यली थे."

"हं," ती म्हणाली. तिला ते पटलं नाही, एवढं मला दिसलं. मी खोटं का बोललो, ते मात्र दिसलं नाही.

त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. ती हल्ली कमी बोलते का? पूर्वी जास्त बोलायची का? आठवेना. आठवली ती फक्त मुख्यसेविकेची, म्हणजे अंगणवाड्यांवरच्या पर्यवेक्षिकेची, परीक्षा. ती वाशिमला जाऊन द्यायची तिची इच्छा होती. माझी आई तेव्हा अंथरुणावर होती. "पुढच्या वेळी दे," मी म्हणालो होतो. पुढच्या वेळेपर्यंत परीक्षेला बसायचं तिचं वय निघून गेलं होतं. यावर तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. म्हणून मीही तो विषय संपला असं धरून चाललो होतो. आता वाटायला लागलं, दार बाहेरून लावणारा तो मीच तर नाही?

आठवड्याभरानं मुलीचा फोन आला. बायकोनं तिला सहज सांगितलं, की नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचं ते गाणं फार आवडतं. मुलगी हसली. "आई, नवरा कुठला? स्वतःला कोंडून घ्यायचं गाणं आहे ते." आणि तिनं ओळी मराठीत सांगितल्या.

फोन ठेवून बायको ओसरीवर माझ्यासमोर आली.

"खोटं काहून सांगतलं तुमी?"

"मले वाटलं, तू घाबरशील."

"घाबरले तं तुमी होते," ती म्हणाली. "मले काय वाटते, हे इचारलं का एकदा तरी?"

मी विचारलं. ती माझ्याजवळ ओसरीवर बसली. मग म्हणाली, की तो ठोका कारंजाच्या जिनातल्या, सरकी काढायच्या यंत्रासारखा आहे. तिची आई तिथं कापूस वेचून साफ करायची आणि ही लहान असताना सोबत जायची. एकदा ती रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, खोलीत झोपून गेली. कोणी तरी न पाहता कडी लावली. दुपारभर ती आत होती.

"रडली असशील."

"नाही ना! तेच तं सांगून राह्यली. बाहेर मशीन चालू, आत सगळं नरम. कोणी हाक मारत नोतं, काम सांगत नोतं. मले लय बरं वाटलं होतं. आईनं दार उघडलं तवा राग आला."

तीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी ऐकली नव्हती. ती तिला त्या ठोक्यानं आठवली, की मुलीनं दाराची ओळ सांगितल्यावर? मी विचारलं. "मले काय मालूम," ती म्हणाली.

मग तिनं हट्ट धरला की सगळं गाणं मराठीत लिहून द्या, खरं खरं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कागद घेऊन बसलो. बाकीच्या ओळी झाल्या. 'कीप मी स्टिल'वर अडलो. 'स्टिल' म्हणजे निश्चल, आणि 'तरीही'सुद्धा. 'स्टिल'च्या आधी स्वल्पविराम असला तर बाई म्हणते आहे, 'तरीही मला ठेव, सोडू नकोस.' फोनवर शोधलं, तर एका ठिकाणी स्वल्पविराम होता, दुसरीकडे नव्हता. गाण्यात तर तो ऐकूच येत नाही. तिथं खाली लोकांनी लिहिलं होतं: एकाच्या मते हे मरणाचं गाणं, दुसऱ्याच्या मते प्रेमाचं.

"म्हंजे?" बायको म्हणाली. "गप ठेव का, तरीबी ठेव?"

"ठाऊक नाही."

"मास्तर असून?"

मी दोन्ही अर्थ एकाखाली एक लिहिले. तिनं बोट ठेवत दोन्ही वाचले, मग पुन्हा वाचले. तुला कोणता वाटतो, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. त्याऐवजी मी भलतंच बोललो. "त्या परीक्षेचं... मी चुकलो होतो तवा."

तिनं मान वर केली. "कोणती परीक्षा?"

ती खरंच विसरली होती की मला विसरू देत होती, मला आजही सांगता येत नाही. तिनं कागदाची घडी केली, डाळीच्या डब्याखाली ठेवली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.