काकूला कळला तरच ग्राफ बाहेर

आमच्या ऑफिसात किस्से कोणी मुद्दाम तयार करत नाही. ते कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यांसारखे जमतात. आज एक दिसते, महिन्याभरानं पाहावं तर चालायला जागा नाही! म्हटलं, बाकीचे काही लिहून ठेवणार नाहीत, तर आपणच लिहावं. चौथी शिकली म्हणून काय झालं, अक्षर माझं नरेशभाऊपेक्षा चांगलं आहे.

नरेशभाऊ म्हणजे आमचे मालक. पुण्याची नोकरी सोडून पांढुर्ण्याला परत आले अन् बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ऑफिस काढलं. शास्त्रज्ञ लोक शेतात मशीन लावतात, त्यातून आकड्यांचा ढिगारा निघतो. आमचं सॉफ्टवेअर ते आकडे निवडतं, त्यांचे ग्राफ काढतं, नकाशे रंगवतं. ग्राफ अन् नकाशाचं काम सौंसरच्या प्रीतीकडे. मशीन बसवणं अन् लोकांच्या तक्रारी गणेशकडे. मी लागली होती झाडू अन् चहासाठी. एक दिवस गणेश जेवत होता, फोन वाजून वाजून डोकं खात होता, मी उचलला. तेव्हापासून फोन माझ्याकडेच आहे.

यंदा मात्र सगळ्यांच्या जिवाला घोर होता. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे वाघ मॅडम, संत्र्यावर संशोधन करतात. त्या आमच्यावर नाराज होत्या. त्या गेल्या की ऑफिसला कुलूप, नरेशभाऊ परत पुण्याला अन् आम्ही तिघं आपापल्या घरी. ते सांगतेच. पण आधी बाकीचे.

*

एका कॉलेजच्या प्रोफेसरांचा फोन आला. आवाज चढलेला.

"तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलंय. माझी फाईल घेतच नाही!"

"ती फाईल दुसरीकडे उघडी आहे काय सर? एक्सेलमध्ये?"

"बाई, मी पीएचडी आहे. मला इंजिनिअर द्या."

"इंजिनिअर जेवून राहिला. तोवर तुम्ही स्क्रीनच्या खालच्या पट्टीत पाहा. हिरवी चौकट दिसते काय?"

मग क्लिक झाल्याचा आवाज. मग अगदी हळू, "चालू झालं."

"पीएचडी तुमच्याजवळ असू द्या सर, फाईल तेवढी बंद करत जा!"

*

आमच्याकडे एक नियम आहे. नवीन काही बनवलं की आधी मला दाखवायचं. मला कळलं तर बाहेर पाठवायचं, नाहीतर परत करायचं. नरेशभाऊनं तो गमतीत काढला होता. मी सीरियसली घेतला.

प्रीतीनं आठ दिवस खपून एक ग्राफ बनवला. खांबच खांब, अन् सगळे गरगर फिरणारे.

"काहून फिरून राहिलं हे?"

"थ्रीडी आहे काकू!"

"बरं. या मोठ्या खांबाच्या मागं काय आहे?"

"छोटा खांब."

"त्याचा आकडा किती?"

तिनं ग्राफ इकडून फिरवला, तिकडून फिरवला. शेवटी स्वतःच मान वाकडी करून पाहायला लागली.

मी म्हटलं, "शेजारच्या घरात डोकवायला मान वाकडी करावी लागते पोरी, ग्राफ पाहायला नाही!"

दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी सपाट ग्राफ घेऊन आली. आजही तोच चालतो.

*

पावसाचा हिशेब ठेवणारे एक साहेब आहेत. गावागावाचा पाऊस आमच्या नकाशात रंगवून घेतात. जास्त पाऊस तिथं निळा, कमी तिथं लाल. एक दिवस फोनवरच गरजले.

"काय नकाशा दिला हो! सगळीकडे सारखाच पाऊस! मीटिंगमध्ये माझी इज्जत गेली!"

प्रीतीनं घाईघाईनं नकाशा उघडला. निळा-लाल, झकास! मी विचारलं, "साहेब, कागद कोणत्या प्रिंटरवर काढला?"

"आमच्या ऑफिसच्या."

"तो रंगीत आहे?"

"नाही. काळा-पांढरा."

"मग निळा-लाल दोन्ही सारखेच काळपट निघाले साहेब! पाऊस बरोबर पडला आहे. छत्री तुमच्या प्रिंटरनं उघडली!"

*

सेन्सर बिघडला की मशीन उणे नऊशे नव्व्याण्णव असा आकडा लिहिते. त्याचा अर्थ, "मला माहीत नाही." हे आम्हाला माहीत. तिगावच्या एका मळ्यावर काम करणाऱ्या कॉलेजच्या पोरीला माहीत नव्हतं. तिचा फोन आला तेव्हा रडायच्या बेतात होती.

"काकू, मे महिन्यात तापमान उणे नऊशे नव्व्याण्णव आलं! सर विचारतील तर काय सांगू?"

"त्या दिवशी तू मळ्यात होती?"

"हो, दिवसभर."

"मग सांग, स्वेटर घरी राहिला होता!"

रडता रडता हसली. मग गणेशनं तिला तो आकडा बाजूला काढायचं बटन दाखवलं.

*

आता वाघ मॅडम.

संत्र्याचा मृग बहार, म्हणजे पावसाच्या तोंडावरचा फुलोरा, धरायचा तर भर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. ताणात माती किती सुकते, हे मॅडमना पाहायचं होतं. म्हणून रामाकोना गावच्या वच्छलाबाईंच्या बागेत गणेशनं आठ सेन्सर बसवून दिले. सेन्सर मातीत, अन् त्याच्यावर एक-एक डबा.

सात सेन्सरच्या रेघा एकदम सरळ. ओल कायम! मॅडम जाम खूश. "पाणी तोडलं तरी ही माती ओल सोडत नाही!" त्यावर त्यांचा मोठा लेख व्हायचा होता. पण टोकाचा आठवा सेन्सर नाठाळ. त्याची रेघ मधेच धाडकन खाली पडे, परत वर येई. गणेशनं सेन्सर दोनदा बदलला, तरी तेच. मॅडम म्हणाल्या, सॉफ्टवेअरच खराब आहे. शेवटी त्या स्वतः पांढुर्ण्याला आल्या.

"नरेश, आज मला कारण पाहिजे. नाहीतर पुढच्या हंगामाला मी दुसरं सॉफ्टवेअर घेते."

नरेशभाऊचा चेहरा उतरला. गणेश कोड उघडून बसला. प्रीतीनं मोठ्या स्क्रीनवर ग्राफ लावला. मी चहाचे कप ठेवता ठेवता पाहून राहिली होती. खड्डे सारख्या अंतरावर होते. बोटानं मोजले. सात दिवस, परत सात दिवस. खालच्या तारखा वाचल्या.

"मॅडम, हे तर सगळे बाजाराचे दिवस आहेत."

"मशीनचा बाजाराशी काय संबंध?"

"मशीनचा नाही. माणसाचा आहे."

वच्छलाबाईंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. "बाई, त्या टोकाच्या डब्याजवळ तुम्ही रोज काही करता काय?"

"करते ना! तुमचा गणेशच सांगून गेला, डबा गरम होऊ देऊ नका. रोज दुपारी दोन तांबे पाणी टाकून येते. बाजाराच्या दिवशी तेवढं राहून जाते. काहून, तापला काय तो?"

गणेश भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. नरेशभाऊनं डोळे मिटून घेतले. पण मॅडम हसल्या! खळखळून हसल्या!

"म्हणजे सेन्सर बरोबर, सॉफ्टवेअरही बरोबर. त्यानं जे होतं तेच दाखवलं." त्यांनी पेन काढलं अन् पुढच्या हंगामाच्या कागदावर सही केली. प्रीतीनं माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली. "आता तो आठवा बाजूला काढू," मॅडम म्हणाल्या, "बाकीचे सात आहेतच."

फोन अजून चालूच होता. मॅडमनं पर्स उचलता उचलता प्रेमानं विचारलं, "पण वच्छलाबाई, तुम्ही त्या एकाच डब्यावर पाणी का टाकत होता?"

"एकाच काहून बाप्पा? माझ्याकडं तेवढा एकच आहे. बाकीच्या सात डब्याईले माझी सून पाणी टाकते. तिले बाजाराचा शौक नाही!"