पाऊणकी

माझ्या बाबांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण पाऊणकी त्यांना पाठ आहे. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पूर्णगडच्या खाडीकाठी घर असलेल्या माणसाला घड्याळापेक्षा हेच उपयोगाचं. जाळं विणता विणता त्यांनी मलाही ती शिकवली. पुढे मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, तीही गणिताची, आणि आता रत्नागिरीत हायस्कूलवर शिकवते.

गेल्या थंडीत एका दुपारी चुलतभावाचा फोन आला. "बाय, काका पडलेत. तोंड वाकडं झालंय, बोलत नायत." मी म्हटलं, पाणीसुद्धा पाजू नको, तसेच घेऊन ये. तो टेम्पोतून त्यांना आणि आईला घेऊन रुग्णालयात पोचला तेव्हा पावणेएक झाला होता. बाबांचा उजवा हात स्ट्रेचरवरून खाली लोंबत होता.

स्कॅन झाला. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "यांना शेवटचं नीट कधी पाहिलं?"

"सकाळी सात," भाऊ म्हणाला. त्याने पाहिलं होतं ते तेव्हाच.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशीर झाला तर त्यानेच मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती जास्त.

"सात काय सात?" कोपऱ्यातून आई उसळली. तिच्या साडीला अजून खाडीत शिंपले काढतानाचा चिखल होता. "मी कालवं काडायला निगाले, तवा चांगले बोलत व्हते की! म्हनाले, बिगीबिगी जा, नायतर रिकामी पाटी घेऊन येशील."

"किती वाजता, आजी?"

"आता ते मला काय म्हाईत? पानी पार सुकलं व्हतं. आले तवा घोट्याला लागत व्हतं, नि हे जाळ्यावर पडलेले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात हिशेब केला. आज षष्ठी. सहा पाऊण साडेचार, ती पहाटेची भरती. त्यावर सहा तास.

"साडेदहा," मी म्हटलं.

कसं, ते सांगितलं. डॉक्टर देशावरचे होते. त्यांनी मोबाईलवर ओहोटीची वेळ पाहिली, दहा चाळीस. आईला पुन्हा दोनदा खोदून विचारलं आणि मग नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं.

गुठळी मोठी होती, नुसत्या औषधाने हलेल याची खात्री नव्हती. ती ओढून काढण्याची सोय कोल्हापुरात. त्यांनीच तिथे फोन केला, स्कॅन पाठवला, रुग्णवाहिका दिली. आंबा घाट चढून साडेचारला पोचलो, तेव्हा तिथले डॉक्टर दारात उभे होते.

त्यांनी काही लपवलं नाही. जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यायची, गुठळी जाळीत धरायची आणि बाहेर ओढायची. त्यात शीर फाटू शकते, रक्तस्राव होऊ शकतो, गुठळीचा तुकडा सुटून पुढे जाऊन अडकू शकतो. सगळं नीट झालं तरी हात आणि बोलणं परत येईलच असं नाही. काही केलं नाही, तर मात्र मेंदूचा तो भाग गेलाच.

सही मला करायची होती. मी आधी आईला सगळं समजावून सांगितलं.

"जाळ्यात धरून वडायचं ना?" आईने विचारलं. "मग हळू वडा म्हनावं. घाई केली का फाटतं."

"हळूच ओढतो, आजी," डॉक्टर म्हणाले. मी सही केली.

गुठळी निघाली. बाहेर बाकावर एक तरुण आमच्याबरोबर बसला होता, त्याच्या आईचीही निघाली होती. त्याने आम्हाला चहा आणून दिला. त्याची आई शुद्धीवर आलीच नाही. बाबांची गोष्ट सांगताना मी तिचीही सांगते. डॉक्टर तेच होते, नळीही तशीच होती.

बाबांनी डोळे उघडले, डावा हात हलवला, पण शब्द फुटेना. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर त्यांच्यावर वाकले.

"आजोबा, आज वार कोणता?"

बाबा नुसते बघत राहिले.

"महिना?"

काही नाही. मग बाबांचे ओठ हलले. ते आईकडे बघत होते.

"पा... पावणेसात."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ वाजले होते. त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली.

"थांबा," मी म्हटलं. षष्ठीला पडलेले, आज नवमी. नऊ पाऊण पावणेसात.

"डॉक्टर, ते बरोबर सांगतायत. ती आजच्या भरतीची वेळ आहे."

आई तोवर तोंडाला पदर लावून हसत होती, रडतही होती. "दुपारशिवाय सुकत न्हाय आज, ठावं हाय मला," ती त्यांना म्हणाली. "नि मी काय कालवं काडायला नाय चाललेय."

आता बाबांच्या उजव्या हाताला जाळ्याची सुई धरवत नाही. शब्द हुडकावे लागतात, माझ्या नावाला तर बराच वेळ लागतो. मी ओट्यावर त्यांच्याजवळ बसते आणि ते ओठांवर येईपर्यंत थांबते.