जगूभाऊजी गेले, हे खरे आहे काय?

त्या दिवशी दुपारी ते जेवायला येणार होते, म्हणून मी सकाळीच हुलग्याचं पीठ मळून शेंगोळी वळायला बसले होते. शेंगोळं त्यांचा जीव की प्राण. लसूण-मिरचीचा रस्सा चुलीवर रटरटत होता, आणि मोबाईल शेजारच्या फळीवर होता. तो वाजला नाही, नुसता उजळला. मान वाकडी करून वाचलं, तर भाऊजींच्या गाडीचा ड्रायव्हर संपत, त्याचा निरोप. काकू, साहेबांचं निधन झालं. एवढंच. मी वाचलं, मला कळलंसुद्धा, आणि माझे हात वळतच राहिले. परात भरली, ताट भरलं, तरी मी आपली वळतेय... शेवटी शेजारची रखमा धावत आली आणि तिनं माझं मनगट धरलं. "अगं वत्सला, थांब की आता. कुनासाठी वळतीस?" तेव्हा हात थांबले. डोकं मात्र अजून थांबलेलं नाही. महिना उलटून गेला, पण अजून मला वाटतं की दाराशी गाडी थांबेल.

भाऊजी मिरजगावला कुणाकडं सांत्वनाला गेले होते. परतताना हायवेच्या कडेला चहाला थांबले, स्वतः गाडीतच बसून राहिले. संपत सांगतो, "काकू, मी कप घिऊन खिडकीशी गेलो. दोन्दा म्हनलं, सायेब, चहा. वाटलं वाचत्यात. चष्मा नाकावर तसाच, मांडीवर कागद..." बिचारा एवढंच पुन्हा पुन्हा सांगतो. दुखणं नाही, खुपणं नाही. आदल्या दिवशी फोनवर मला म्हणाले होते, "वहिनी, मीठ बेतानं टाका, डॉक्टर रागावलाय." मी हसले होते. त्या हसण्याचं आता काय करू, ते मला कळत नाही.

तुम्ही त्यांना टीव्हीवर पाहिलं असेल. जगन्नाथराव, विरोधी बाकावरचे आमदार, 'अध्यक्ष महाराज' म्हणून उभे राहिले की समोरचे मंत्री कागद चाळायला लागायचे. माझे ते धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा हाफ चड्डीत होते आणि माझ्या पदराआड लपून सासूबाईंचा मार चुकवायचे. आमचे हे फौजेत. त्यांची पत्रं यायची आणि ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायची मला लाज वाटायची. दुसरीपर्यंतचीच माझी शाळा, पण त्या पत्रांपायी मी एकटीच चुलीपुढं बसून अक्षरं जुळवायला शिकले. वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचले, एसटीच्या पाट्या वाचल्या. आजही अडत अडतच वाचते. आणि हे माझं अडणंच पुढं भाऊजींच्या कामी आलं.

त्यांची रीत अशी होती. अधिवेशनाच्या आधी प्रश्न लिहून झाले की गाडी थेट आमच्या दारात. आत आले की खुर्चीवर कधी बसायचे नाहीत. ओसरीवर ह्यांच्या माघारी राहिलेली काळी पत्र्याची फौजी पेटी आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगात ह्यांचं नाव आणि नंबर लिहिलेला आहे, त्या पेटीवर बसायचे. "खुर्च्या मुंबईत लई हायेत. हितं दादाजवळ बसू द्या." मग कागद माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वाचा मोठ्यानं." मी वाचायची. जिथं मी अडले तिथं ते पेन काढायचे. "तुमी जिथं अडता ना वहिनी, तितनंच मंत्री निसटतो." 'तदनुषंगाने' म्हणून एक शब्द होता, त्यावर मी अशी आपटले की दोघंही हसत सुटलो. तो शब्द गेलाच. कधी मी उगाच शहाणपणा करायची, त्यांचा चांगला कायद्याचा शब्द काढायला लावायची आणि मग सभागृहात पंचाईत व्हायची. पुढच्या खेपेला येऊन म्हणायचे, "तुमच्यापायी परवा मार खाल्ला मी." पण वाचायला द्यायचे मलाच.

ते सभागृहातले प्रश्न ज्यांनी वाचलेत त्यांना ठाऊक असेल, त्यांची एक ठरलेली चाल असते. अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, काय कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? भाऊजींनी ती चाल घरात आणली. दारातूनच आरोळी यायची, "वहिनी, शेंगोळं केलं आहे, हे खरे आहे काय? असल्यास, कधी वाढणार? नसल्यास, विलंबाची कारणं काय?" मी म्हणायची, "माहिती संकलित करण्यात येत आहे!" हे उत्तरही त्यांनीच मला शिकवलेलं.

मंत्र्यांच्या बंदोबस्तावर किती खर्च होतो, गावच्या पोलीस चौकीत माणसं का नाहीत, असलं ते हमेशा विचारायचे. एकदा तो प्रश्न वाचून मी अंगणात बघितलं, तर त्यांचा स्वतःचा बंदूकवाला पोलीस रखमाच्या कोंबड्या हाकत होता. मी म्हटलं, "भाऊजी, हा कुणाच्या खर्चानं कोंबड्या राखतोय?" पुढच्या खेपेला एकटे आले.

पण ज्या प्रश्नानं घर दुभंगलं तो निराळाच. आमच्या डोंगरापलीकडं लष्कराचं सरावाचं मैदान आहे. तोफा चालायच्या असल्या की आदल्या दिवशी जीप येऊन पुकारते, डोंगरावर लाल निशाण लागतं आणि आम्ही गुरंढोरं, म्हातारी माणसं, भाकरीची फडकी घेऊन दिवसभरासाठी शेजारच्या गावाच्या माळावर जातो. पिढ्यान्‌पिढ्या जातोय. त्याबद्दल तक्रार कुणाची नाही. घरटी एक माणूस फौजेत असलेलं आमचं गाव, सराव नको कोण म्हणेल? पण त्या माळावर झाड नाही. एका उन्हाळ्यात रखमाची सून तिथंच बाळंत झाली, चार बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला. तेव्हापासून भाऊजींनी लावून धरलं आणि सरकारनं निवारा शेड मंजूर केली. माळावर निळी पाटी लागली. पैसे खर्ची पडले. मंत्र्यांनी सभागृहात काम पूर्ण झाल्याचं सांगितलं. शेड मात्र आलीच नाही.

भाऊजी उभे राहिले. आधी ते सैन्याबद्दल बोलले, भावाबद्दल बोलले, मग म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मी तोफेला विचारत नाही, तिजोरीला विचारतोय. मंत्रिमहोदयांनी एक दिवस आमच्या माळावर यावं आणि त्या शेडच्या सावलीत बसून दाखवावं." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर त्यातला एक तुकडा फिरायला लागला. मागचं कापलेलं, पुढचं कापलेलं, नुसतं 'हा पैसा गेला कुठं' एवढंच, आणि वर लिहिलेलं, सैन्याच्या खर्चाला विरोध करणारा आमदार.

माझा संदीप सीमेवर आहे. तो तुकडा तिथं पोचला. रात्री त्याचा फोन आला. "आई, काकांना सांग, बास करा आता. हितं पोरं मला विचारत्यात, हा तुझाच चुलता का रे? मान खाली घालतो मी." मी सांगितलं, अरे, तो प्रश्न मी स्वतः वाचलाय, तसं काही नाही त्यात. तो म्हणाला, "मंत्री काय खोटं बोलतोय व्हय? शेड बांधली म्हनला की तो." आणि वरून म्हणाला, आता सुट्टीला आलो की बाबांची पेटी घेऊन जाणार, तिच्यावर माझं नाव घालणार, काकांना बसायला दुसरं काहीतरी बघ... तो बाप गेल्यावर भाऊजींच्या खांद्यावर वाढलेला पोरगा.

हे मी भाऊजींना सांगितलं. पेटीवरच बसले होते. बराच वेळ पत्र्यावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्याला काय बोलू नका, वहिनी. ड्युटीवर हाय तो. डोकं शांत पायजे तितं. सुट्टीवर आला की माळावर नेतो त्याला, समोरासमोर दावतो." त्यांनी परत फोन केला नाही, संदीपनंही केला नाही. दोघंही सुट्टीची वाट बघत राहिले. सुट्टी मंजूरही झाली. आणि तिच्या आधी मिरजगावचा तो चहा आला.

संदीप दहाव्याला पोचला. रडला नाही. सगळे विधी केले, पण पेटीकडं बघितलं नाही. त्यानंतर चारपाच दिवसांनी जीप पुकारून गेली. उद्या सराव. सकाळी आम्ही निघालो, त्यानं रखमाच्या सासऱ्याला पाठुंगळी घेतलं. माळावर पोचलो तर ऊन मी म्हणत होतं. निळी पाटी होती. तिच्या सावलीत, म्हणजे चार बोटांच्या पट्ट्यात, एक शेळी बसलेली. संदीपनं म्हाताऱ्याला खाली उतरवलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पाटीच्या मागं जाऊन आला.

"आई, शेड कुठंय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, तेच तर विचारत हुते ना रे ते..."

डोंगरापलीकडं तोफा सुरू झाल्या. संदीपनं अंगातला शर्ट काढून म्हाताऱ्याच्या डोक्यावर धरला आणि दिवसभर तसाच उभा राहिला. रखमा म्हणाली, "बस की रं लेकरा." बसला नाही.

जायच्या दिवशी, तो नेणार म्हणून, मी पेटीतली ह्यांची कापडं काढून ठेवली, पत्रा पुसला. संदीप पिशवी खांद्याला लावून आला, पेटीजवळ थांबला. मग वाकून त्यानं पेटीला हात लावला, देवळाच्या पायरीला लावतो तसा, आणि तो हात कपाळाला नेला. "राहू दे आई. हितंच राहू दे. काकाची जागा हाय ती."

तर पेटी ओसरीवर आहे. परवा भेटायला आलेले एक पुढारी तिच्यावर टेकायला लागले, मी म्हटलं, दादा, खुर्ची घ्या. सकाळी पेपर मोठ्यानं वाचायची माझी सवय गेलेली नाही. एखादा जड शब्द येतो, मी अडते, आणि थांबून पेटीकडं बघते, पेन निघायची वाट बघत. तिथं नुसता ह्यांचा नंबर दिसतो, भाऊजींच्या बसण्यानं अर्धा पुसलेला. मग मी त्यांचीच चाल धरते. जगूभाऊजी गेले, हे खरे आहे काय? असल्यास... आणि पुढचं मला वाचता येत नाही.