वचनात घातलेलं जावेचं नाव

"टीबी परत आलाय, आणि या वेळी एमडीआर आहे," यवतमाळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एमडीआर म्हणजे मल्टी ड्रग रेझिस्टंट, नेहमीच्या मुख्य गोळ्यांना न जुमानणारा क्षय. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी सहा महिन्यांच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?"

"हो," मी म्हणाले. धडधडीत खोटं. त्या वेळीही माझ्या डोक्यात आजार नव्हता, माझी थोरली जाऊ होती. आता इंदूबाई हसणार, एवढंच मला दिसत होतं.

तुमच्यापैकी कुणाच्या हातात गोळ्यांची पाकिटं असतील आणि मनात देवाचं एखादं वचन असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी जे केलं ते करू नका.

आम्ही आर्णी तालुक्यातले. कपाशी आणि तुरीचं शेत, अंगण एक, चुली दोन. मी आणि माझा नवरा तीन वर्षांपासून गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेला जायला लागलो, तेव्हापासून इंदूबाईचं तोंड वाकडं. सोयाबीन काढायच्या दिवसांत मला खोकला लागला. संध्याकाळी ताप यायचा आणि ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. तालुक्याच्या दवाखान्यात थुंकी तपासली तेव्हा टीबी निघाला.

इंदूबाईने सगळ्यांसमोर अंगणात हात नाचवले. "देव बदलला नं? आता भोग म्हना!" शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तिचे ते शब्द मी दाताखाली धरून ठेवले.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्या मंडळीत वचनाची कार्डं काढतात. ताटात छोटी कार्डं पालथी ठेवलेली असतात, प्रत्येकावर बायबलमधलं एक वचन. हाती येईल ते वर्षभर तुमचं. आमचे पाळक सांगायचे, त्यात स्वतःचं नाव घालून वाचा, देव तुमच्याशीच बोलतोय असं समजा. माझ्या हाती धीर धरण्याचं वचन आलं. मला धीर नको होता. ताट धरलेल्या बाईची नजर वळली तसं मी ते परत सरकवलं. दुसरंही ठेवून दिलं. तिसरं मनासारखं निघालं, जे आपल्यावर उठतात ते लज्जित होतील अशा अर्थाचं. त्यात मी माझं नाव घातलं, आणि उठणाऱ्यांच्या जागी इंदूबाईचं. हे मात्र पाळकांनी शिकवलं नव्हतं.

तोवर गोळ्यांचा तिसरा महिना चालू होता. खोकला थांबला होता, वजन वाढलं होतं. मी विचार केला, सहा महिने गोळ्या खाऊन बरी झाले तर इंदूबाई म्हणेल, गोळ्यांनी झाली. मला तिला देवाच्या हाताने हरवायचं होतं. मी गोळ्या चुलीत टाकायला लागले. गावच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई रिकामी पाकिटं पाहून जायच्या, म्हणून रोज मोजून गोळ्या काढायचे. पाळकांना विचारलं नाही, कारण ते नाही म्हणाले असते. प्रार्थनेत उभं राहून साक्ष दिली, देवाने मला बरं केलं. बरं केलं नव्हतं. मी त्याच्या नावावर माझंच वैर खपवत होते.

पुढे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मी इंदूबाईला जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली, तिच्या शेजारीच बसले आणि विचारलं, "बाई, भोग सरला माह्या. आता काय म्हनता?" ती खाली मान घालून जेवत राहिली. तिच्याकडे पाहून मी इतकी हसले की मला खोकला आला. त्या खोकल्याकडे मी लक्षच दिलं नाही.

नंतर खोकला वाढला. एका सकाळी थुंकीत रक्त दिसलं आणि मी यवतमाळला पोचले. सीबीनॅट नावाची तपासणी झाली. थुंकीत जंतू आहेत का आणि मुख्य औषध त्यांच्यावर चालतं का, हे ती एकदमच सांगते. माझ्या जंतूंवर ते औषध चालत नव्हतं.

वॉर्डात पहिले दिवस नुसते रागात गेले. नव्या गोळ्यांनी मळमळायचं, तळपाय बधिर व्हायचे, कातडी काळवंडली. पाळक भेटायला आले तर मी त्यांच्यावरच उखडले, तुम्हीच म्हणाला होतात विश्वास धरा. ते म्हणाले, "ताई, गोळ्या सोडा असं मी कधी म्हनलो?" मी तोंड फिरवलं. देवावरही चिडले होते. कार्ड माझं, नाव माझं, मग लाज मलाच का?

नवव्या दिवशी पलीकडच्या खाटेवर नवी रोगी आली. इंदूबाई होती. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, त्यात तिची थुंकी पॉझिटिव्ह निघाली. तिलाही एमडीआरच.

मला आनंद झाला. लपवत नाही. सगळ्या वॉर्डासमोर ती खोकत बसली होती, आणि मी मनात म्हटलं, देवा, उशिरा का होईना, दिलंस.

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या तेव्हा तो आनंद संपला. त्या म्हणाल्या, "शपथेवर सांगता येणार नाही, पण तुमचा जंतू ज्या औषधांना दाद देत नाही, इंदूबाईंचा जंतूही त्याच औषधांना दाद देत नाही. घरातूनच लागला असावा." मला ते जेवण आठवलं, माझं हसणं आणि तो खोकला. मी मागितलेलं मिळालं होतं, आणि ते माझ्याच तोंडातून गेलं होतं.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी आधी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. मग इंदूबाईच्या खाटेशी गेले. "बाई, मी गोळ्या चुलीत टाकल्या. तुमाले हरवाले टाकल्या. हे तुमाले माह्याच्यानं झालं."

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "माफ करत नाही म्या तुले, शोभे. पन आता माह्या डोळ्यापुढं गोळ्या खायच्या. एक बी सोडली तं याद राख."

मी तिच्या डोळ्यांपुढे खाल्ल्या. सुटी झाल्यावर घरीही तेच. रोज जेवण झाल्यावर अंगणात समोरासमोर बसून आम्ही गोळ्या गिळायचो आणि एकमेकींना तोंड उघडून दाखवायचो. प्रार्थनेत मी आरोग्याच्या वचनात माझं नाव घालायचे आणि मग, जीभ जड व्हायची तरी, तिचंही. कित्येक दिवस ते नाव मी शिवी दिल्यासारखं उच्चारलं. तरी घालत राहिले. विश्वास म्हणजे काय हे मला त्यातून थोडं कळलं, साक्ष देताना कधी कळलं नव्हतं.

कल्चर ही थुंकीतले जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी. तिला आठवडे लागतात. इंदूबाईची निगेटिव्ह आली. माझी त्या वेळी पॉझिटिव्हच होती, निगेटिव्ह यायला आणखी महिना लागला.

स्वतःचा रिपोर्ट घेऊन ती माझ्या दारात आली, कागद माझ्या नाकापुढे धरला आणि म्हणाली, "पाह्य, शोभे! तुह्या देवानं मले पह्यले बरं केलं!"

मला भयंकर राग आला, आणि त्याच रागात, तिच्यासमोरच, मी तिच्यासाठी देवाचे आभार मानले.